टेकाडेबाबूंची नॉर्वेतली कारकीर्द

भालचंद्र टेकाडे निवृत्त झाले त्याच्या अकराव्या दिवशी उघडकीस आले की, हरणकुंड पंचायत समितीत त्यांनी चौतीस वर्षे केलेली कारकुनी ही ओडवार हेलेसेन नावाच्या नॉर्वेच्या एका राजकारण्याने केलेली होती, आणि हेलेसेन यांची चौतीस वर्षांची राजकीय कारकीर्द टेकाड्यांनी.

चूक बांधणीत झाली होती. निवृत्त होणाऱ्या माणसाचे सेवापुस्तक तपासणीसाठी विभागाच्या गावी जाते. तिथे बांधणीच्या खोलीत ते उसवतात, पाने तपासतात, पुन्हा शिवतात आणि खळीने पुठ्ठा चिकटवून परत पाठवतात. या खळीत मोरचूद घातलेला असतो, त्यामुळे कसर लागत नाही. नॉर्वेत मोरचूद घातलेली खळ मिळत नाही, म्हणून तिथल्या राजकारण्यांची सेवापुस्तकेही बऱ्याच वर्षांपासून याच खोलीत बांधणीला येतात. ही दोन पुस्तके एकाच दिवशी एकाच टेबलावर उसवून पडली होती. टेबलावरचा माणूस जेवून आला आणि त्याने टेकाड्यांच्या पुठ्ठ्यात हेलेसेनांची पाने शिवली, हेलेसेनांच्या पुठ्ठ्यात टेकाड्यांची. शिवण मात्र चांगली घातली होती. त्याबद्दल नंतरही कोणाची तक्रार आली नाही.

टेकाडेबाबूंना हे कळले ते एका निमंत्रणावरून. हरणकुंडपासून अकरा किलोमीटरवर बोरखेडी आहे. तिथल्या प्राथमिक शाळेला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. प्रमुख पाहुणे म्हणून माननीय भालचंद्र टेकाडे, माजी वाहतूक मंत्री, नॉर्वे, यांनी यावे अशी विनंती होती. सत्कारमूर्ती म्हणून श्री. ओडवार हेलेसेन, सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक, पंचायत समिती, हरणकुंड, यांचे नाव होते. खाली लहान अक्षरात लिहिले होते की, १९९३ साली श्री. हेलेसेन यांनी लिहिलेल्या टिपणीमुळे ही शाळा बंद होता होता वाचली, आणि त्याची आठवण म्हणून शाळेच्या दर्शनी भिंतीत त्यांच्या नावाची शिला बसवण्यात येत आहे.

टेकाडेबाबूंनी ते दोनदा वाचले. समोरचा चहा तसाच ठेवला, पायात चपला घातल्या आणि थेट कचेरी गाठली.

आस्थापनेच्या टेबलावर प्रफुल्ल ढोबळे होता. बारा वर्षे तो टेकाडेबाबूंच्या हाताखाली काम शिकला होता. टिपणी कुठून सुरू करावी आणि कुठे संपवावी, हे त्याला त्यांनीच शिकवले होते. तो त्यांना पाहून उठून उभा राहिला. आजवर तो कधी उभा राहिला नव्हता आणि टेकाडेबाबूंनीही तशी अपेक्षा केली नव्हती.

“बसा साहेब,” तो म्हणाला. बारा वर्षे तो त्यांना बाबूजी म्हणत आला होता.

टेकाडेबाबूंनी निमंत्रण टेबलावर आपटले. ढोबळेने ते उचलले, वाचले आणि शांतपणे सांगितले की शाळेने माहिती मागवली होती, त्याने सेवापुस्तक पाहून कळवली. त्याने पुस्तकही काढून दाखवले. पुठ्ठ्यावर टेकाडे. आत पहिल्याच पानावर, सव्विसाव्या वर्षी हेलव्हिक नगराच्या सभागृहात निवड. पुढे नगराध्यक्ष. पुढे संसदेत तीन वेळा. तीन वर्षे चार महिने वाहतूक मंत्री. अकरा बोगद्यांची उद्घाटने, त्यातल्या एका बोगद्याचे दोन्ही तोंडांकडून, त्यामुळे नोंदी बारा. दूरचित्रवाणीवर चारशे बारा वेळा उपस्थिती. वर्तणुकीच्या रकान्यात वर्षवार प्रसिद्धी: उत्तम, उत्तम, अत्युत्तम, बरी, घसरलेली, घसरलेली. प्रत्येक पानाखाली सही आणि शिक्का.

“प्रफुल्ल, तू माझ्या शेजारी बसत होतास की नाही?”

“बसत होतो.”

“मग मी नॉर्वेत कधी गेलो?”

ढोबळेने यावर प्रामाणिकपणे विचार केला. “ते मी नाही सांगू शकत साहेब. माझ्या सेवापुस्तकात मी कोणाच्या शेजारी बसलो ते लिहिलेलं नाही.”

मग दोघे गटविकास अधिकाऱ्यांपुढे गेले. मेश्राम मॅडम तरुण होत्या आणि त्यांना नियम पाठ होते. त्यांनी टेकाडेबाबूंचे सगळे म्हणणे ऐकून घेतले, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. टेकाडेबाबूंनी त्यांना सांगितले की ती टिपणी मी लिहिली, मला ती तोंडपाठ आहे, वाटल्यास म्हणून दाखवतो.

“तोंडपाठ असणं हा पुरावा होत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला घटनेची कलमं तोंडपाठ आहेत. ती मी लिहिलेली नाहीत.”

पण नियमात दुरुस्तीची सोय होती, आणि तीही त्यांनी सांगितली. दोन्ही पुस्तकांचे धनी समोरासमोर हजर राहून दुरुस्तीच्या अर्जावर सही करत असतील तर पाने पूर्ववत करता येतात. एकट्याच्या सहीने होत नाही. शिवाय नोकरीतले एखादे पान घेतले आणि एखादे ठेवले, असे चालत नाही. देणे-घेणे सगळ्या पुस्तकाचे. आणि एकदा का दगडावर नाव कोरले गेले की मग दुरुस्ती नाही. पुस्तक दगडाप्रमाणे दुरुस्त होऊ शकते, दगड पुस्तकाप्रमाणे होत नाही.

“समारंभाला सव्वादोन महिने आहेत,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही हेलेसेन बाबूंना पत्र लिहा.”

हेलेसेन बाबूंना. टेकाडेबाबू कचेरीच्या पायऱ्या उतरताना हे दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि दरवेळी त्यांना नव्याने राग येत होता.

त्यांना राग आला तो मंत्रिपद मिळाल्याचा नव्हे. पेन्शन ज्याची त्याला पोचत होती, त्याचाही प्रश्न नव्हता. चौतीस वर्षांपैकी साडेतेहेतीस वर्षे कोणी मागितली असती तर त्यांनी आनंदाने दिली असती, वर दोन टाचण्यांचे डबे दिले असते. त्या वर्षांत त्यांनी आवक-जावक केली, स्मरणपत्रांना स्मरणपत्रे पाठवली आणि ‘प्रस्ताव तपासून पाहू’ हे वाक्य हजारो वेळा लिहिले. पण १९९३ सालच्या मे महिन्यातले दीड पान त्यांचे होते.

तेव्हाच्या साहेबांना बोरखेडीची शाळा बंद करायची होती. शाळेची जागा एका संस्थेला हवी होती. साहेबांनी तोंडी सांगितले, की शाळेत मुले येत नाहीत अशी टिपणी मांडा. टेकाडेबाबू तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, नोकरीत पाच वर्षे झालेली, लग्नाला एक. ते सकाळी निघाले, उन्हातून पायी बोरखेडीला गेले आणि घरोघर फिरले. परत येऊन त्यांनी लिहिले की पटावर एकोणतीस मुले आहेत, गावात शाळेच्या वयाची प्रत्यक्षात एकतीस आहेत, सगळी शाळेत येतात, जी येत नाहीत असे सांगण्यात येते ती कोण हे समजून येत नाही. सबब शाळा बंद करणे उचित होणार नाही. सही केली, तारीख घातली आणि फाईल वर पाठवली. साहेबांना ती खाली ढकलता आली नाही, कारण तिच्यावर आवक क्रमांक पडला होता. शाळा राहिली. टेकाडेबाबूंना अभिलेख कक्षात पाठवण्यात आले आणि ते तिथे नऊ वर्षे राहिले. या गोष्टीबद्दल त्यांनी कधी कोणाकडे बढाई मारली नव्हती. बढाई न मारता माणूस जे जपून ठेवतो ते दुसऱ्याच्या नावावर निघाले, तर त्याने काय करावे?

इंदुमतीबाईंनी निमंत्रण वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

“अहो, पण डबा तर मीच देत होती ना रोज?”

“डबा दिलास. कोणाला दिलास ते कुठे लिहिलंय?”

“काहीतरीच,” बाई म्हणाल्या. नंतर स्वयंपाकघरातून त्यांनी विचारले, “तो नॉर्वेचा माणूस तरी कारली खात होता का?”

टेकाडेबाबूंनी त्याच दिवशी हेलेसेनांना पत्र लिहिले. सदर टिपणी ही माझी असून आपण दुरुस्तीस संमती द्यावी. उत्तर पंधरा दिवसांनी आले. सुवाच्य मराठीत होते, समास सोडलेला, विषय आणि संदर्भ घातलेला. हेलेसेनांनी कळवले होते की, संदर्भीय पत्र मिळाले. आपण चौतीस वर्षे राजकारणात घालवली अशी आपली समजूत होती, परंतु ती चूक असल्याचे नव्या पुस्तकावरून दिसून आले. त्यात १९९३ सालची एक टिपणी आहे. ती वाचल्यापासून आपल्याला नीट झोप लागते. सबब दुरुस्तीस संमती देता येत नाही, क्षमस्व.

“क्षमस्व म्हणे,” टेकाडेबाबू म्हणाले आणि पत्र फाईलला लावले.

दरम्यान हरणकुंडात त्यांची प्रसिद्धी सुरू झाली होती. ती सेवापुस्तकातच असल्यामुळे टाळता येण्यासारखी नव्हती. रस्त्याने जाताना लोक थांबून नमस्कार करू लागले. सहकारी पतपेढीने त्यांना वर्धापनदिनाला बोलावले. जिमखान्याने बॅडमिंटनच्या स्पर्धेची फीत कापायला नेले. फीत त्यांनी इतक्या सफाईने कापली की त्यांचे त्यांनाच नवल वाटले. पण प्रसिद्धीबरोबर कारकीर्दही येते, आणि ती लोकांनी वाचली. स्कार्वोय नावाच्या बेटाची फेरीबोट वाहतूक मंत्री असताना टेकाड्यांनी बंद केली होती. निवडणुकीत बोट चालू ठेवण्याचे वचन दिले होते आणि तीन महिन्यांनी ती बंद करण्याच्या बाजूने हात वर केला होता. हे एकदा पानाच्या ठेल्यावर कळले आणि मग गावाने ते सोडले नाही.

शेजारचे रेवतकर मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तेही कुंपणाशी येऊन म्हणाले, “भालचंद्रराव, राग मानू नका. पण त्या बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांनी दवाखान्यात जायचं कसं, याचा तुम्ही विचार करायला पाहिजे होता.”

“मास्तर, तुम्ही मला चाळीस वर्षं पाहता आहात.”

“म्हणूनच वाईट वाटलं,” मास्तर म्हणाले.

मग बेटावरून पत्रे येऊ लागली. पत्रे नॉर्वेच्या भाषेत होती आणि टेकाडेबाबूंना ती वाचता आली. कारकीर्दीबरोबर भाषा येते, असा नियम आहे. मराठी गेली नाही, कारण मराठीची नोंद जन्माच्या दाखल्याकडे धरतात, नोकरीकडे नाही. पहिले पत्र सोल्वेग नावाच्या निवृत्त परिचारिकेचे होते. तिने एकच प्रश्न विचारला होता, की तुम्ही असे का केले. टेकाडेबाबूंनी चिडून कळवले की मी बोट बंद केलेली नाही, माझा तिच्याशी काही संबंध नाही. आठवड्याने तिचे उत्तर आले: “हेच तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात.”

हे वाक्य त्यांना झोंबले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सेवापुस्तकाला जोडलेली परिशिष्टे उघडली. त्यात बोटीची सगळी कागदपत्रे होती. आणि कागदपत्रे समोर आल्यावर न वाचता ठेवणे हे टेकाड्यांच्या हातून, पुस्तक कोणाचेही असो, होण्यासारखे नव्हते.

चार दिवसांत त्यांनी फाईल वाचून काढली. पाचव्या दिवशी ते इंदुमतीबाईंना म्हणाले, “लबाडी आहे ही.”

बोटीत माणसे किती असतात हे पाहण्यासाठी खात्याने दोन आठवडे माणूस बसवला होता. पण बसवला जुलैत, बेटावरची निम्मी माणसे सुट्टीवर गेलेली असताना, आणि तोही सकाळच्या अकराच्या बोटीवर. बेटाची माणसे कामाला, शाळेला, दवाखान्याला जातात ती पावणेआठच्या बोटीने. अकराच्या बोटीत त्या दोन आठवड्यांत सहा माणसे, एक कुत्रा आणि एक शिलाई मशीन एवढेच गेले. त्यावरून अहवाल, अहवालावरून प्रस्ताव, प्रस्तावावरून हात वर. मंत्र्याने विचारलेसुद्धा नव्हते की बाकीच्या बोटींचे काय.

“मग आता?” बाईंनी विचारले.

“आता काय. ज्याने हात वर केला त्याने लिहून द्यायला पाहिजे की चुकलं.”

“पण हात तर तुमचाच होता म्हणतात.”

“म्हणतात ना,” टेकाडेबाबू म्हणाले. “मग मलाच लिहायला लागेल. तो तर झोपलाय तिकडे.”

त्यांनी दीड पान लिहिले. पाहणी कोणत्या तारखांना झाली, कोणत्या बोटीवर झाली, कोणत्या बोटीवर झाली नाही. सबब बोट बंद करण्याचा निर्णय चुकीचा होता. नोंदीप्रमाणे मी त्या बाजूने मत दिले. ते देण्यापूर्वी मी कागद वाचले नाहीत. याची जबाबदारी माझी. खाली सही, तारीख. एक प्रत सोल्वेगबाईंना, एक तिथल्या वर्तमानपत्राला, एक स्थळप्रत.

नॉर्वेत यावरून मोठी खळबळ माजली. तिथे राजकारणी खेद व्यक्त करतात, परिस्थितीकडे बोट दाखवतात, समिती नेमतात. पण कागद वाचले नव्हते असे कोणी सही करून सांगितल्याची नोंद सापडेना. वर्तमानपत्राने ते दीड पान जसेच्या तसे पहिल्या पानावर छापले. दूरचित्रवाणीने फोन केला. टेकाडेबाबूंनी बंडी घालून अंगणातून मुलाखत दिली, ती चारशे तेरावी म्हणून पुस्तकात चढली. प्रसिद्धीच्या रकान्यात ‘घसरलेली’च्या खाली ‘अत्युत्तम’ असा शेरा पडला. आणि तिथल्या खात्याने जाहीर केले की, माजी मंत्र्यांचे निवेदन विचारात घेऊन स्कार्वोयची बोट येत्या सोमवारपासून पुन्हा सुरू करण्यात येत आहे.

सोमवार हा बोरखेडीच्या समारंभानंतरचा दुसरा दिवस होता.

समारंभाच्या दिवशी हेलेसेन आले. साठीकडे झुकलेला उंच, गुलाबी माणूस, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळे, एक लाल. मुख्याध्यापिका ठवकर मॅडमनी दोघांना आपल्या खोलीत बसवले आणि मेश्राम मॅडमनाही बोलावून घेतले, कारण हेलेसेनांनी येताच सांगितले होते की दुरुस्तीच्या अर्जावर सही करायला आपण तयार आहोत. खोलीबाहेर मांडवात लोक जमत होते. भिंतीपाशी शिला उभी करून ठेवली होती. सगळा मजकूर कोरलेला होता, फक्त नावाची ओळ कोरी होती आणि पाथरवट छिन्नी घेऊन सावलीत बसला होता.

“तुम्ही तर संमती देत नव्हता,” टेकाडेबाबू म्हणाले.

“नव्हतो देत,” हेलेसेन म्हणाले. त्यांची बोली अस्सल हरणकुंडी होती. चौतीस वर्षे या तालुक्यात काढलेल्या माणसाची असावी तशी. “पण बाबूजी, तुम्ही तिकडे काय करून ठेवलं तुम्हाला माहीत नाही. लोक त्या मंत्र्याचं नाव घेऊन राहिले. पक्षाचा फोन आला मला. पुस्तक परत आणा, उमेदवारी देतो म्हणतात.”

“तुम्हाला कशी? निवेदन माझं आहे.”

“म्हणून तर पुस्तक पाहिजे ना परत. तुमची टिपणी तुम्हाला, माझी कारकीर्द मला. इथे सही करा, मी केलेलीच आहे.”

आणि खरोखरच त्यांची सही झालेली होती. निळ्या शाईत, तारखेसह. मेश्राम मॅडमनी अर्ज टेकाडेबाबूंपुढे सरकवला. एका सहीचे काम होते. बाहेर पाथरवटाला नाव सांगायचे, एवढेच उरले असते. टेकाडेबाबूंनी खिशातून पेन काढले, टोपण मागे लावले आणि सवयीप्रमाणे सही करण्याआधी प्रश्न विचारला.

“निवेदनाचं काय करणार?”

“कोणतं?”

“बोटीचं. चुकलं म्हणून लिहून दिलंय ते.”

हेलेसेन किंचित हसले. एखाद्या नवख्या कारकुनाला समजावून सांगावे तसे ते म्हणाले, “ते कायम नाही ठेवता येत बाबूजी. पक्षाची तेवढी एकच अट आहे. मी एक खुलासा देणार. संदर्भ सोडून छापलं, असा. लोकांना खुलासा चालतो. नाव राहते आणि निवेदन जाते.”

“आणि बोट?”

“बोट निवेदनावर निघणार आहे. निवेदन गेलं की थांबेल.”

“तुम्ही पाहणीचे कागद वाचले का? आता तरी?”

“अहवाल आहे ना तज्ज्ञांचा.”

“अकराच्या बोटीचा आहे तो. पावणेआठच्या बोटीवर माणूसच बसवला नाही कोणी.”

“तुम्ही फार बारीक पाहून राहिले,” हेलेसेन म्हणाले. मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने, “एवढं बारीक पाहून तुमचं काय झालं? नऊ वर्षं अभिलेख कक्ष. खिडकीपाशी जन्म-मृत्यूची रजिस्टरं लाल कापडात बांधलेली, वरून पाणी गळायचं, तुम्ही बादली ठेवायचे. माहीत आहे मला. मी काढली ती वर्षं.”

टेकाडेबाबूंनी मान वर केली. त्यांनी बादलीची गोष्ट घरातही कधी सांगितली नव्हती. मग त्यांनी मेश्राम मॅडमना विचारले की फक्त १९९३ सालचे दीड पान घेता येईल का, बाकी सगळे याच्याकडे राहू दे.

“नाही येत,” मॅडम म्हणाल्या. “मी सांगितलं होतं.”

“किंवा मग निवेदन तेवढं माझ्याकडे ठेवता येईल?”

“निवेदन मंत्र्याचं आहे. मंत्री जाईल तिकडे जाईल.” मॅडमना वाईट वाटत होते हे दिसत होते, पण नियमात त्यासाठी रकाना नव्हता.

हेलेसेनांनी अर्जावर बोट ठेवले. “करा सही. त्रेचाळीस माणसं आहेत त्या बेटावर. त्रेचाळीस. दीड पान तुमचं आहे, तुमच्या जन्माचं आहे. त्रेचाळीस परक्या माणसांसाठी ते मला देऊन टाकता?”

टेकाडेबाबूंचा चेहरा लाल झाला होता. त्यांना या माणसाचा राग होता, बांधणीच्या खोलीत जेवून आलेल्या माणसाचा राग होता, नियमांचा होता, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा की आपण सहीआधी विचारायला नको होते. न विचारता सही केली असती तर संध्याकाळपर्यंत सगळे मिळाले असते.

त्यांनी पेनाचे टोपण मागून काढून पुढे बसवले.

“तुम्ही कधी बोरखेडीला पायी आला आहात?” त्यांनी विचारले.

“आलो ना. मे महिन्यात. टाचेला फोड आला होता.”

“हो,” टेकाडेबाबू म्हणाले. “डाव्या.”

ते उठले, दाराशी गेले आणि सावलीतल्या पाथरवटाला म्हणाले, “ओडवार हेलेसेन. कोर. मात्रा नीट काढ.”

हेलेसेन खुर्चीतून अर्धे उठले. छिन्नीचा पहिला घाव पडला तेव्हा ते पुन्हा खाली बसले. उमेदवारी गेल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, ते थोडा वेळ तिथे राहिले आणि मग हळूहळू, चौतीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाचा सोशिकपणा त्याच जागी आला. मेश्राम मॅडमनी अर्जावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. सूत्रसंचालकाने माजी वाहतूक मंत्र्यांचा परिचय करून दिला, तो लांबला. टेकाडेबाबूंनी दोरी ओढून पडदा बाजूला केला. ठवकर मॅडम बोलताना गहिवरल्या. आपण त्या एकतीस मुलांपैकी एक आहोत, असे त्यांनी सांगितले आणि वाकून हेलेसेनांच्या पायांना हात लावला. टेकाडेबाबूंची खुर्ची त्यांच्या शेजारीच होती, त्यामुळे मॅडमच्या पदराचे टोक त्यांच्या गुडघ्याला लागून गेले. मग प्रमुख पाहुणे या नात्याने त्यांनीच उठून हेलेसेनांच्या खांद्यावर शाल घातली. हेलेसेन सत्काराला उत्तर देताना चांगले बोलले. उन्हाचे, फोडाचे, घरोघर विचारल्याचे सगळे त्यांनी सांगितले आणि एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही. लोक रडले. मागच्या रांगेत बसलेल्या इंदुमतीबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी संपूर्ण भाषणभर टेकाडेबाबूंकडे पाहिले.

परतताना जीपमध्ये त्या म्हणाल्या, “बाकी सगळं खरं बोलला तो.”

“खरंच आहे ते,” टेकाडेबाबू म्हणाले. “म्हणूनच तर संताप होतो.”

सोमवारी बोट सुटली. सोल्वेगबाईंचे पत्र पुढच्या आठवड्यात आले. पावणेआठच्या बोटीला धक्क्यावर सगळे बेट जमले होते, असे तिने कळवले होते. आभार मानलेले नव्हते. उलट तक्रार होती. परतीची बोट खात्याने दुपारी दोनला ठेवली आहे आणि शाळा अडीचला सुटते, तेव्हा मंत्रिमहोदयांनी इकडे लक्ष द्यावे.

टेकाडेबाबूंनी पत्र वाचले आणि जेवण अर्धे टाकून फोनकडे गेले. नॉर्वेत तेव्हा नुकतीच कचेरी उघडली होती. माजी मंत्र्यांचा फोन म्हणून तो लगेच वरपर्यंत जोडला गेला. त्यांनी कोणतीही प्रस्तावना न करता विचारले की परतीची बोट तीनला का नाही, आणि वेळापत्रक ठरवताना शाळेला कोणी विचारले होते का. आवाज इतका चढला की रेवतकर मास्तर कुंपणाशी येऊन उभे राहिले. इंदुमतीबाईंनी दार लोटून घेतले.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. त्याने सगळे ऐकून घेतले, टिपूनही घेतले आणि शेवटी सांगितले की प्रस्ताव तपासून पाहू.

नोंदीप्रमाणे टेकाडेबाबूंनी हे वाक्य आयुष्यात कधी लिहिलेले नव्हते. त्यामुळे ते ऐकून माणसाला काय वाटते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळले.